डोया भरायचे दिवस

शेंदूरजनाघाटात थंडी पडली की डोया भरायचे दिवस येतात. पुस्तकात त्याला 'डोळा भरणे' म्हणतात, पण वऱ्हाडात 'ळ'चा 'य' होतो, म्हणून इथे डोयाच. सकाळचे आठ वाजलेत आणि तुम्ही एका पन्हेरीत, म्हणजे रोपवाटिकेत, उभे आहात. पायाखालची काळी माती दवाने ओली आहे. समोर जंबेरीच्या रोपांच्या सरळ ओळी, एकेक खुंट पेन्सिलीएवढा जाड, आणि त्या ओळींतून उकिडवा बसून पुढे सरकणारा एक माणूस. जमिनीपासून वीतभर उंचीवर तो खुंटाच्या सालीला चाकूने चीर देतो, साल अलगद उचलतो, ओल्या फडक्यातल्या संत्र्याच्या काडीवरून एक डोळा सालीसकट सोलून चिरेत सरकवतो आणि प्लास्टिकच्या पट्टीने करकचून बांधतो. सगळे मिळून अर्धे मिनिट. मग पुढचे रोप. मूळ आंबट जंबेरीचे राहील, फळ मात्र संत्र्याचे लागेल.

पन्हेरीच्या कोपऱ्यात जुनी विहीर आहे. तिच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड. त्या सात आसरा. विहिरीत उतरायचे तर आधी त्यांना नारळ, नाहीतर त्या कोपतात, असे घरातली म्हातारी माणसे सांगतात. मुळात अप्सराच त्या. सुंदर, पाण्यात राहणाऱ्या, जरा लहरी.

विहिरीच्या कठड्यावर त्या माणसाची मुलगी वाचत बसली आहे. अमरावतीला कॉलेजात शिकते, सुट्टीत घरी आली आहे. हातात टोलकिनचे 'सिल्मारिलियन'.

"मामा," ती मान वर न करता तुम्हाला म्हणते, "हे एल्फ लोक देवायच्या घरी राहिले, त्यायच्याच हाताखाली शिकले. मंग एकमेकायले काऊन मारते?"

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. एल्फ म्हणजे कधी म्हातारे न होणारे, देखणे, हुन्नरी लोक. वालार नावाच्या दैवी शक्तींनी त्यांना समुद्रापलीकडे आपल्या प्रकाशाच्या देशात बोलावून घेतले. तिथे फिअनॉर नावाच्या एल्फ कारागिराने दोन दिव्य झाडांचा उजेड तीन रत्नांत कोंडला. रत्ने चोरीला गेली. त्याने आणि त्याच्या सात मुलांनी ती परत मिळवायची भयंकर शपथ घेतली आणि वाटेत जहाजे देईनात म्हणून आपल्याच भाईबंदांची कत्तल केली. त्या दैवी शक्तींपैकी मँडॉसने त्यांना पुढचे भोग बजावून सांगितले. काही थोडे मागे फिरले, बाकीचे पुढेच गेले.

"अन् तो देव अडवत काऊन नाही? नुसता सांगते!"

तुम्ही घसा खाकरता, पण सांगण्यासारखे काही सुचत नाही. या प्रश्नाचे एक उत्तर याच अमरावती जिल्ह्यात आहे, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला. ते ऐकायला मात्र साडेसातशे वर्षे मागे जावे लागेल. पायात घट्ट चपला घाला.

विहिरीकडे पाठ करा. सातपुडा उजव्या हाताला ठेवा आणि मावळतीकडे चालू लागा.

पहिल्या काही पावलांतच नरखेड-अमरावती रेल्वेचे रूळ मातीतून उखडले जातात. बोअरचे पाइप जमिनीत शिरतात. सिंभोऱ्याजवळचे अप्पर वर्धा धरण विरघळते आणि वर्धा नदी आपल्या जुन्या पात्रात जाऊन बसते. मग बागा निघून जातात. नागपूरकर भोसल्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या अखेरीस संत्रा या मुलखात आला असे सांगतात. त्या शतकाच्या पलीकडे पाऊल पडले की तुमच्या आजूबाजूची गोड वासाची हिरवी भिंत एकदम नाहीशी होते आणि नजर थेट डोंगराला भिडते. आणखी मागे चला. मिरची जाते, भुईमूग जातो, मका जातो, तंबाखूही जाते, कारण हे सगळे पोर्तुगिजांच्या जहाजांतून आलेले. अचलपूरची इमादशाही मागे पडते. 1296 साली अचलपूरवरून देवगिरीकडे दौडत जाणारी अल्लाउद्दीन खिलजीच्या घोडदळाची धूळ तुम्हाला उलटी जाताना दिसते. मग धूळ बसते.

शिवारात आता ज्वारी आहे, तूर आहे, देशी कापूस आहे, जवस आणि तीळ आहे. देवगिरीच्या गादीवर रामदेवराव यादव आहे. त्याच्या दरबारात हेमाद्री पंडित आहे, ज्याच्या 'चतुर्वर्गचिंतामणी'त कोणत्या तिथीला कोणत्या देवतेचे कोणते व्रत केले म्हणजे काय मिळते याची जंत्री आहे. वर्ष आहे शके 1200 च्या सुमाराचे, म्हणजे साधारण इसवी सन 1278. वाटेत एक विहीर लागते. काठावर शेंदूर लावलेले सात दगड. एवढे मात्र जसेच्या तसे.

दोन-तीन मुक्काम करून तुम्ही रिद्धपूरला पोचता तेव्हा दिवस कलला आहे.

गाव देवळांचे आहे, आणि त्या देवळांमधून एक म्हातारा मनाला येईल तसा हिंडतो आहे. मागे पोरांचा घोळका. तो एका देवळात शिरतो, मूर्तीला हात लावतो, तिच्याशी काहीबाही बोलतो, खदखदून हसतो आणि बाहेर येतो. मग कुणाच्या तरी घरात घुसून सरळ चुलीपाशी जातो, भांड्यावरचे झाकण काढतो आणि हाताला लागेल ते तोंडात टाकतो. घरची बाई रागावल्यासारखे करते आणि आणखी वाढते. ब्राह्मणाच्या घरातून तो निघतो तो मातंगाच्या झोपडीत. तोंडात सतत प्रेमाची शिवीगाळ. हे गुंडम राऊळ, ज्यांना गोविंदप्रभू म्हणतात. जवळच्या काटसुरे गावी जन्मले, आईबाप लहानपणी गेले, नातेवाइकांनी इथे आणून वाढवले. गाव त्यांना वेडेही म्हणते आणि मायबापही म्हणते. दोन्ही एकाच दमात म्हणते आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही.

तुम्ही देवळाच्या पायरीवर टेकता. गाभाऱ्यातल्या देवाशी असा लंगोटीयारासारखा वागणारा माणूस तुम्ही आजवर पाहिलेला नाही. भक्त देवापुढे वाकतो, नास्तिक पाठ फिरवतो. हा मात्र शेजारच्या घरातल्या पोराची विचारपूस करावी तशी देवांची विचारपूस करत फिरतो. याचा अर्थ काय?

अर्थ सांगणारे लोक पलीकडच्या अंगणात बसले आहेत. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी चार-पाच वर्षांपूर्वी उत्तरेकडे निघून गेले. परंपरेत ते साल 1274 च्या सुमाराचे मानतात. मागे राहिलेली मंडळी त्यांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्या भोवती, गुंडम राऊळांच्या आसऱ्याला रिद्धपुरात जमली आहेत. पुरुष आहेत, त्याहून लक्षात राहतात त्या बाया. त्यांतली महदाइसा गोविंदप्रभूंच्या लुटुपुटीच्या लग्नात धवळे रचून गाणारी, मराठीतली पहिली कवयित्री. आणि मधोमध एक पंडित पोथीची पाने घेऊन बसला आहे. तो म्हाइंभट.

त्याच्याकडे नीट पाहून घ्या. सराळ्याचा हा विद्वान, शास्त्रार्थात भल्याभल्यांना गप्प बसवणारा, चक्रधरांशी वाद घालायला म्हणून गेला होता. आता तो एका म्हातारीसमोर मांडी घालून बसला आहे आणि विचारतो आहे: स्वामी तेव्हा कुठे बसले होते? तोंड कुणीकडे होते? आणखी कोण होते? म्हातारी आठवून आठवून सांगते. दुसरी म्हणते, तसे नव्हे, असे. म्हाइंभट वाद मिटवत बसत नाही, दोन्ही आठवणी टिपून ठेवतो. यातून जे उभे राहील ते 'लीळाचरित्र', मराठी गद्यातला आद्य मोठा ग्रंथ. ज्याचे सगळे आयुष्य आपले म्हणणे खरे करण्यात गेले, तो आता दुसऱ्यांचे म्हणणे चुकू नये म्हणून धडपडतो आहे.

तुम्ही कडेला बसून मुलीचा प्रश्न तुमच्या भाषेत मांडता. निम्मे शब्द त्यांना कळत नाहीत, निम्मे तुम्हाला कळत नाहीत. पण 'देवता' हा शब्द पोचतो आणि शेजारची एक म्हातारी हातातली वात वळायची थांबवते.

ती जे सांगते ते तुमच्या आजच्या मराठीत असे:

जगात चार गोष्टी आहेत आणि चारही अनादी. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर. एकातून दुसरी होत नाही. जीव देवता होत नाही, देवता परमेश्वर होत नाही. आणि देवता काही दोन-चार नाहीत. त्या एक्क्याऐंशी कोटी सव्वा लक्ष दहा आहेत. हा आकडा ती घरातली भांडी मोजावीत तशा सहजतेने सांगते. त्यांचे थर आहेत. सगळ्यांत खाली कर्मभूमीवरच्या, गावाशिवारातल्या. त्यांच्यावर अष्टदेवयोनी, मग अंतराळातल्या गंधर्व वगैरे, त्यांच्यावर स्वर्गातले इंद्रादिक, मग सत्य-कैलास-वैकुंठ, क्षीराब्धी, अष्टभैरव, विश्व, आणि शेवटी चैतन्य.

इथे तुमच्या डोक्यात दिवा लागतो. यक्ष, गंधर्व, आसरा! आपल्याकडचे एल्फ म्हातारीने केव्हाच आपल्या उतरंडीत नीट लावून ठेवले आहेत. सुंदर आहेत, सामर्थ्यवान आहेत, दीर्घकाळ राहणारे आहेत. त्यांना भजले तर फळही देतात. हे खोटे आहे असे ती कुठेही म्हणत नाही. विहिरीवरच्या आसरा नाहीतच, असेही म्हणत नाही. तिचे म्हणणे एवढेच की त्यांनी दिलेले फळ भोगून संपते, आणि संपले की जीव पुन्हा जिथल्या तिथे. मोक्ष परमेश्वराखेरीज कुणाला देता येत नाही.

मग ती तीन शब्द सांगते. तुम्ही शेंदूरजनाघाटातून इथवर आलात ते या तीन शब्दांसाठी. परमेश्वर नित्यमुक्त. देवता नित्यबद्ध. आणि जीव बद्धमुक्त.

पुन्हा एकदा मनात म्हणून पाहा. देवता नेहमीसाठी बांधलेल्या आहेत. आपले स्थान, आपला अधिकार, आपला स्वभाव यांतून त्यांची सुटका नाही. जीव आज बांधलेला आहे, पण सुटू शकतो. म्हणजे ज्याला आपण वर मान करून पाहतो त्या गंधर्वाला जे दार नाही, ते अंगणात वात वळत बसलेल्या या बाईला आहे.

आता गुंडम राऊळांचे देवळातले वागणे उलगडते. ज्याला परमेश्वराचा अवतार मानले, तो देवतांपुढे वाकणार कसा? तो त्यांच्याशी खेळतो. त्यात द्वेष नाही. बांधलेल्याशी मोकळ्याने वागावे, तसे ते वागणे.

आणि गंमत अशी की ऑक्सफर्डच्या टोलकिननेही आपल्या एल्फांना नेमका हाच दोर बांधला आहे. त्याचे एल्फ जग संपेपर्यंत जगाला जखडलेले. मारले गेले तरी मँडॉसच्या दालनात जातात, जगाबाहेर नाही. माणूस मरतो आणि जगाच्या पार निघून जातो, आणि सर्वांच्या वर असलेल्या इलुवाटारने माणसाला दिलेली ती देणगी आहे, असे त्याने लिहिले. टोलकिन कॅथलिक श्रद्धेचा आणि ही म्हातारी महानुभाव. दोघांनी एकमेकांचे नाव ऐकलेले असणे शक्य नाही.

"मग माणसाचे चुकत नाही का?" तुम्ही विचारता.

म्हातारी हसते आणि हरिपाळाची गोष्ट सांगते. द्वारकेला चांगदेव राऊळ होते. हातात खराटा घेऊन रस्ते झाडायचे, केर सुपात भरून गोमतीत टाकायचे. कामाख्या नावाची योगिनी, मोठ्या सिद्धीची, त्यांच्या मागे लागली. अंगी एवढे सामर्थ्य, पण इच्छा आवरेना. चांगदेवांनी तिला शाप दिला नाही की तिच्याशी झगडा केला नाही. त्यांनी देहच टाकला. तिकडे भडोचेला प्रधानाचा मुलगा हरिपाळ नुकताच वारला होता. चितेवर ठेवलेल्या त्या देहात ते शिरले आणि हरिपाळ उठून बसला.

डोया भरला म्हणायचा. खुंट एकाचा, डोळा दुसऱ्याचा.

पण उठून बसलेला हरिपाळ काही लगेच साधू झाला नाही. तो जुगार खेळायचा. एकदा डाव हरला, देणे झाले, आणि बायकोकडे दागिने मागितले. तिने नाही म्हटले. त्या नकाराने त्याचे मन संसारातून उडाले. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून तो निघाला आणि वाटेत याच रिद्धपुरात गुंडम राऊळांपुढे येऊन उभा राहिला. राऊळ शेंगुळे खात होते. खाता खाता त्यांनी प्रसाद म्हणून त्याच्याकडे टाकले. ना होम, ना व्रत, ना तिथी. त्या प्रसादातून ज्ञानशक्ती मिळाली असे ही मंडळी मानतात, आणि हरिपाळाचा चक्रधर झाला.

महानुभावांनी ही जुगाराची गोष्ट लपवली नाही, हे तुमच्या लक्षात येते. ज्याला परमेश्वर मानले त्याच्या चरित्रात हरलेला डाव तसाच राहू दिला. म्हाइंभटाने स्वतःच्या गर्वाची गोष्टही राहू दिली.

रात्र झाली आहे. परतीची वाट मोर्शीच्या उत्तरेवरून घ्या, सालबर्डीकडून. डोंगराची पहिली घडी इथे उठते. रिद्धपूरहून निघाल्यावर चक्रधर याच डोंगरात येऊन एकांतात राहिले. परंपरा बारा वर्षे सांगते. इथेच मुक्ताबाई नावाची तपस्विनी त्यांना भेटली. एकांतात हिंडण्याच्या काळातली एक गोष्ट म्हातारीने निघताना सांगितली होती, ती आता अंधारात पुन्हा आठवा.

शिकारी कुत्री मागे लागलेला एक ससा पळत आला आणि स्वामींच्या मांडीखाली शिरला. पारधी आले, ससा मागू लागले. स्वामींनी तो शरण आला आहे एवढे सांगितले, आणि कुणाचेच काही बिघडवले नसलेल्या जिवाला का मारता, असे विचारले. पारधी परत फिरले. मग त्यांनी मांडी उचलली आणि एखाद्या थोर माणसाला निरोप द्यावा तसा आदराने त्या सशाला निरोप दिला.

या गोष्टीत पारध्यांना अडवायला वीज पडत नाही, कुत्री दगड होत नाहीत. कुणीतरी विचारतो, आणि ज्याला विचारले तो परत फिरतो. फिरायचे की नाही ते त्याच्या हातात होते. मँडॉसनेही फिअनॉरला सांगितलेच होते. सांगण्यापलीकडे दोन्हीकडचे देव गेले नाहीत. फरक पडला तो ऐकणाऱ्यात. कारागीर आपल्या रत्नांना सोडू शकला नाही. म्हाइंभटाने आपल्या विद्येचा गर्व सोडला, पारध्यांनी ससा सोडला.

उगवतीकडे चाला. ज्वारीच्या शेतात मका येतो, मिरची येते, संत्र्याचा वास येतो. मधल्या शतकांत ही सगळी पुस्तके दिसेनाशी होतात. महानुभावांनी ती सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बांधून मठांत जपली आणि बाहेरच्यांना त्यातले अक्षर लागेना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहाससंशोधक राजवाड्यांनी ती लिपी उलगडली. विदर्भातल्या य. खु. देशपांडे आणि वि. भि. कोलते यांनी त्या साहित्यासाठी आयुष्ये घातली. कोलत्यांनी संपादलेले 'लीळाचरित्र' 1978 साली छापून आले. टोलकिनच्या मुलाने वडिलांच्या मागे 'सिल्मारिलियन' प्रसिद्ध केले ते 1977 साली. एकाच वर्षाचे अंतर. नंतर 2024 साली रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. त्यासाठी हेच गाव का निवडले, ते तुम्ही आत्ता डोळ्यांनी पाहून आला आहात.

विहीर. सात दगड. कठड्यावर मुलगी.

तुम्ही तिला नित्यबद्ध आणि बद्धमुक्त हे शब्द सांगता. ती पुस्तकात बोट घालून ऐकते. मग विचारते, "म्हणजे एल्फ सुधरूच शकत नाही?"

थोडे मागे फिरले होते, तुम्ही आठवण देता. टोलकिनलाही ते दार पुरते बंद करवले नाही. म्हातारीचा हिशेब मात्र सरळ होता: चुकणे देवतांनाही आहे, माणसालाही आहे; सुटणे फक्त माणसाला आहे.

मुलीचा बाप ओळीतून पुढे आला आहे. मागच्या आठवड्यात बांधलेल्या एका खुंटाची पट्टी तो सोडून पाहतो. डोळा काळा पडला आहे.

"मेला," मुलगी म्हणते.

"डोया मेला," बाप म्हणतो, "खुंट जिता हाये." आणि खुंट फिरवून दुसऱ्या बाजूला नवी चीर देतो.

शेंदूरजनाघाटहून निघून सालबर्डी आणि रिद्धपूर ही दोन्ही ठिकाणे एका दिवसात पाहून होतात. संत्र्याच्या हंगामात या भागात आलात तर पेटी घेऊन परस्पर नागपूरला जाऊ नका. आधी रिद्धपूरला जा, आणि पिशवीत 'लीळाचरित्र' ठेवा. घरात फँटसी वाचणारे पोर असेल, तर त्यालाही बरोबर न्या.